चालत्या प्रोग्रॅमची दुरुस्ती : लिस्पची अवजारे

मे १९९९ मध्ये नासाचे 'डीप स्पेस १' हे यान पृथ्वीपासून सुमारे दहा कोटी किलोमीटर दूर होते. त्या महिन्यात यानाचा ताबा काही काळासाठी 'रिमोट एजंट' नावाच्या प्रोग्रॅमकडे दिला गेला. जमिनीवरून एकेक आज्ञा न पाठवता यानाने स्वतःच योजना आखायची, ती पार पाडायची आणि बिघाड झाला तर तोही ओळखायचा, असा हा प्रयोग होता. सुरुवात ठीक झाली. मग एका टप्प्यावर इंजिन बंद व्हायला हवे होते, ते झाले नाही. प्रोग्रॅमचे दोन भाग एकमेकांची वाट पाहत अडून बसले होते आणि दोघांपैकी कोणीच पुढे सरकत नव्हता. जमिनीवरच्या चाचण्यांत हा दोष एकदाही दिसला नव्हता.

रिमोट एजंट लिस्प या भाषेत लिहिलेला होता, आणि यानावर त्या प्रोग्रॅमबरोबर लिस्पचा संवादपाशही, म्हणजे आज्ञा घेऊन लगेच उत्तर देणारी सोयही, चालू होता. त्यामुळे अभियंत्यांना चालू असलेल्या प्रोग्रॅमलाच प्रश्न विचारता आले. आत्ता कोणता भाग कुठे थांबला आहे, कशाची वाट पाहतो आहे, हे त्यांनी दूरवरून पाहिले. दोष सापडला आणि त्याच आठवड्यात नव्या आखणीने प्रयोगाची उरलेली उद्दिष्टेही पूर्ण झाली.

लिस्पची अवजारे इतर भाषांच्या अवजारांपेक्षा वेगळी का, याचे उत्तर या प्रसंगात आहे. बहुतेक भाषांत प्रोग्रॅम आधी पूर्ण लिहितात, मग बांधतात, मग चालवतात, आणि चूक दिसली की बंद करून पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. लिस्पमध्ये प्रोग्रॅम चालू असतानाच तो उघडता येतो, तपासता येतो आणि बदलता येतो. त्यासाठी लागणारी अवजारे बाहेरून आणावी लागत नाहीत. ती प्रोग्रॅमच्याच मातीची असतात.

कंसांमागचे कारण

लिस्पचा जन्म १९५८ चा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी ती आखली. आजही वापरात असलेल्या प्रोग्रॅमिंग भाषांत फोरट्रान तेवढी तिच्याहून जुनी. मॅकार्थींना आकड्यांपेक्षा चिन्हांवर काम करणारी भाषा हवी होती. वाक्ये, सूत्रे, तर्काचे नियम अशा गोष्टी हाताळता याव्यात, हा त्यांचा हेतू होता. त्यासाठी त्यांनी एकच रचना निवडली : यादी. कंसात ठेवलेल्या गोष्टींची यादी, आणि त्या यादीत हव्या तितक्या आणखी याद्या.

लिस्पमध्ये माहिती यादीच्या रूपात असते आणि प्रोग्रॅमही यादीच्याच रूपात असतो. दोन आणि तीन यांची बेरीज (+ २ ३) अशी लिहितात. कंसातली पहिली गोष्ट म्हणजे काय करायचे, पुढच्या गोष्टी म्हणजे कशावर करायचे. ही आज्ञा आहे आणि तीन घटकांची यादीसुद्धा आहे. म्हणून लिस्पचा एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला यादी समजून वाचू शकतो, तिचे तुकडे करू शकतो, नवे जोडू शकतो. नवशिक्याला टोचणारे कंस याच सामर्थ्याची किंमत आहेत.

मॅकार्थींनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात 'इव्हॅल' नावाचे एक फंक्शन मांडले होते. लिस्पमध्ये लिहिलेली कोणतीही आज्ञा घेऊन तिचे उत्तर काढणारे हे फंक्शन स्वतः लिस्पमध्येच लिहिलेले होते. त्यांच्या दृष्टीने ते कागदावरचे गणित होते. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी मात्र ते आयबीएम ७०४ या संगणकाच्या यंत्रभाषेत उतरवले, आणि लिस्प चालू लागली. भाषेचे वर्णन करणारे फंक्शनच तिचे पहिले इंजिन ठरले. नको झालेली स्मृती आपोआप मोकळी करण्याची पद्धतही याच काळात लिस्पसाठी शोधली गेली. आज जावा, पायथॉन, जावास्क्रिप्ट अशा बहुतेक भाषा ती वापरतात.

रेपल : प्रश्न विचारा, उत्तर घ्या

लिस्पचे सर्वांत मूलभूत अवजार म्हणजे संवादपाश. प्रोग्रॅमर त्याला रेपल म्हणतात. तो तुमची आज्ञा वाचतो, तिचे उत्तर काढतो, छापतो आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहतो. आज पायथॉन शिकणारा विद्यार्थीही असा पाश वापरतो, पण लिस्पच्या रेपलची पोहोच जास्त आहे. तो आकडेमोडीची पाटी म्हणून वेगळा ठेवलेला नसतो. तो चालत्या प्रोग्रॅमच्या आत उभा असतो.

याचा अर्थ कळायला एक शिलालेख पाहू. आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ गावात परमार राजा जगद्देवाच्या काळातला, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा संस्कृत शिलालेख आहे. कोरक्याचा हात एकदा थांबला की त्यातले अक्षर बदलणे नाही. प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवणाऱ्या कंपायलरमधून बाहेर पडलेला नेहमीचा प्रोग्रॅम बराचसा तसाच असतो. लिस्पमधला प्रोग्रॅम अखेरपर्यंत ओला राहतो.

उदाहरण याच भागातले घेऊ. जैनथ परिसर कापसाचा. सरकारी खरेदीत कापसातला ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत, दर टक्क्याला एक टक्का या प्रमाणात कपात होते. हा नियम लिस्पमध्ये लिहायचा आहे.

कॉमन लिस्पमध्ये फंक्शनची नावे देवनागरीत ठेवता येतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाषेचे मूळ शब्दसुद्धा नव्या नावांनी घडवता येतात. हे काम 'मॅक्रो' करतात. मॅक्रो म्हणजे प्रोग्रॅमची यादी हातात घेऊन दुसरी यादी तयार करून देणारे फंक्शन. 'कृती', 'जर', 'जास्त', 'वजा', 'गुण', 'भाग' हे शब्द एकेका ओळीच्या व्याख्येने आधी तयार करून घेतले, तर नियम असा दिसेल :

(कृती दर (हमीभाव ओलावा)
  (जर (जास्त ओलावा ८)
      (वजा हमीभाव (गुण हमीभाव (भाग (वजा ओलावा ८) १००)))
      हमीभाव))

संगणकावर अंक इंग्रजी लिपीतले टाकायचे, बाकी सगळे असेच. हिशोब सोपा जावा म्हणून भाव सात हजार धरू. रेपलमध्ये (दर ७००० १०) लिहून एंटर दाबले की उत्तर येते ६८६०. (दर ७००० ७) ला उत्तर ७०००. लिस्प अपूर्णांक दशांशात न मोडता अपूर्णांक म्हणूनच ठेवते, त्यामुळे टक्केवारीच्या हिशोबात पैशा-दोन पैशांची गळती होत नाही.

आता समजा, हा प्रोग्रॅम दिवसभर काट्याशेजारी चालू आहे आणि चाळीस शेतकऱ्यांच्या नोंदी त्याच्या स्मृतीत आहेत. तेवढ्यात १३ टक्के ओलाव्याचा कापूस आला. नियमाप्रमाणे तो घ्यायचा नाही, पण आपल्या फंक्शनमध्ये ही मर्यादा लिहायची राहून गेली आहे, आणि ते बिनदिक्कत भाव काढून देते. लिस्पमध्ये यासाठी प्रोग्रॅम बंद करावा लागत नाही. कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे संपादकात, फंक्शनची व्याख्या सुधारायची आणि तेवढीच व्याख्या चालत्या प्रोग्रॅमकडे पाठवायची. पुढच्या गाडीपासून नवा नियम लागू. आधीच्या चाळीस नोंदी जागच्या जागी.

चूक झाली तर काय

बहुतेक भाषांत चूक झाली की प्रोग्रॅम कोसळतो आणि मागे त्या चुकीचा अहवाल ठेवून जातो. तो अहवाल वाचून प्रोग्रॅमरला घडून गेलेल्या गोष्टीचा माग काढावा लागतो. कॉमन लिस्पमध्ये चूक झाली की प्रोग्रॅम त्याच जागी थांबतो. डीबगर हे चूक शोधण्याचे अवजार उघडते, आणि ज्या क्षणी चूक झाली तो क्षण पूर्ण शाबूत असतो. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले, त्या वेळी कोणाच्या हातात कोणती किंमत होती, हे सगळे उघडून पाहता येते.

काट्यावरच्या माणसाने ओलाव्याच्या रकान्यात आकड्याऐवजी 'नऊ' असा शब्द टाकला असे समजू. शब्दाची आकड्याशी तुलना होत नाही, त्यामुळे काम अडते. लिहिणाऱ्याने तशी सोय ठेवली असेल तर पडद्यावर पर्याय येतात : नवी किंमत द्या, ही नोंद वगळून पुढे चला, किंवा काम थांबवा. नवी किंमत ९ दिली की प्रोग्रॅम जिथे अडला होता तिथूनच पुढे जातो आणि ६९३० हा भाव सांगतो.

या पर्यायांना लिस्पमध्ये रीस्टार्ट म्हणतात. त्यांतली मेख अशी की चूक ओळखणारा भाग आणि काय करायचे ते ठरवणारा भाग वेगळे ठेवलेले असतात. आत खोलवर बसलेले फंक्शन फक्त सांगते की अमुक अडचण आली आहे आणि हे हे मार्ग मोकळे आहेत. मार्ग निवडायचे काम वरच्या पातळीवरचा प्रोग्रॅम करतो, किंवा समोर बसलेला माणूस. कॉमन लिस्पच्या प्रमाणित आवृत्तीत ही व्यवस्था बसवण्यात केंट पिटमन यांचा मोठा वाटा होता.

सहाय्यकापासून संपूर्ण यंत्रापर्यंत

लिस्पच्या अवजारांचा इतिहास म्हणजे प्रोग्रॅमरच्या कामातला कंटाळवाणा भाग यंत्रावर टाकण्याचा इतिहास. १९६० च्या दशकात वॉरन टाइटलमन यांनी या दिशेने काम सुरू केले. त्यातून पुढे इंटरलिस्प ही प्रणाली घडली. तिच्यात 'डविम' नावाची सोय होती. प्रोग्रॅमरने फंक्शनचे नाव चुकीचे लिहिले तर त्याला काय म्हणायचे असावे याचा अंदाज घेऊन ती दुरुस्ती करत असे. केलेली गोष्ट मागे घेण्याची सोय इंटरलिस्पमध्ये होती. कोणते फंक्शन कुठे वापरले आहे हे सांगणारे 'मास्टरस्कोप' हे अवजारही होते. मोबाइलवर लिहिताना शब्द आपोआप सुधारतो, संपादकात 'अनडू' दाबता येते, या रोजच्या सोयींचे पूर्वज इथे सापडतात. १९९२ मध्ये संगणक व्यावसायिकांच्या एसीएम या संघटनेने इंटरलिस्पच्या सहा निर्मात्यांना सॉफ्टवेअर प्रणालीसाठीचा आपला पुरस्कार दिला.

१९७० च्या दशकात एमआयटीमधल्या मंडळींनी आणखी पुढची उडी मारली. रिचर्ड ग्रीनब्लाट आणि टॉम नाइट यांनी लिस्प चालवण्यासाठीच खास संगणक बांधले. त्यांतून 'सिम्बॉलिक्स' आणि 'एलएमआय' या कंपन्या निघाल्या. इंटरनेटवर नोंदले गेलेले पहिले डॉट कॉम नाव याच सिम्बॉलिक्सचे. तारीख १५ मार्च १९८५. या यंत्रांवर खिडक्या, संपादक, टपाल, फाइली, सगळे काही लिस्पमध्ये लिहिलेले होते. पडद्यावरच्या कोणत्याही गोष्टीचा कोड उघडावा, बदलावा, आणि संगणक बंद न करता तो बदल अनुभवावा, इतकी मोकळीक वापरणाऱ्याला होती. पुढे साधे संगणक स्वस्त आणि वेगवान होत गेले, तसा खास यंत्रांचा धंदा १९८० च्या दशकाअखेर बसला. यंत्रे गेली, तरी त्यांच्यावर वाढलेली कामाची रीत सॉफ्टवेअरमध्ये उतरून टिकली.

ही रीत सर्वांत जास्त लोकांपर्यंत नेली ती ईमॅक्स या संपादकाने. १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी ईमॅक्सची एक आवृत्ती लिस्पमध्ये लिहिली. त्यांच्या कार्यालयातल्या सचिव ती वापरत. संपादकात भर कशी घालायची हे सांगणारी पुस्तिका त्यांना मिळाली होती, मात्र त्या कामाला प्रोग्रॅमिंग म्हणतात असे तिच्यात लिहिलेले नव्हते. त्यामुळे कोणी बिचकले नाही. त्या शिकल्या आणि आपल्या कामापुरते लिस्प लिहू लागल्या. ही हकीकत रिचर्ड स्टॉलमन यांनी सांगितली आहे. त्यांनी १९८५ मध्ये जीएनयू ईमॅक्स प्रसिद्ध केला. त्याचा गाभा सी भाषेत आहे आणि वरचे बहुतेक सारे घर लिस्पचे. आपल्याला हवी तशी कळ, हवी तशी आज्ञा त्यात वापरणारा स्वतः बसवू शकतो, तीही ईमॅक्स चालू असतानाच.

आजची पेटी

१९८४ मध्ये गाय स्टील यांच्या ग्रंथाने कॉमन लिस्पचे स्वरूप ठरले, आणि १९९४ मध्ये तिला अमेरिकेचे अधिकृत प्रमाण मिळाले. ते प्रमाण आजही तेच आहे. तीस वर्षांपूर्वीचे पुस्तक उघडून त्यातला कोड आजच्या संगणकावर चालवता येतो, हे या क्षेत्रात दुर्मीळ आहे.

आज कॉमन लिस्प शिकणारे बहुतेक जण एसबीसीएल हा कंपायलर घेतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जुन्या कंपायलरपासून विल्यम न्यूमन यांनी १९९९ मध्ये तो वेगळा केला. तो मोफत आहे. रेपलमध्ये लिहिलेले छोटेसे फंक्शनसुद्धा तो लगेच यंत्रभाषेत उतरवतो. त्यामुळे संवादाची मोकळीक ठेवूनही वेग मिळतो.

कंपायलर आणि ईमॅक्स यांना जोडणारा दुवा म्हणजे स्लाइम. २००३ च्या सुमारास ल्यूक गोरी आणि हेल्मुट एलर यांनी तो उभा केला. त्याचे दोन भाग. एक ईमॅक्समध्ये बसतो, दुसरा चालत्या लिस्पमध्ये, आणि दोघे आपसांत निरोपांची देवाणघेवाण करतात. कर्सर ज्या फंक्शनवर आहे तेवढेच कंपायलरकडे पाठवणे, त्याची व्याख्या जिथे आहे तिथे उडी मारणे, ते कोणी कोणी वापरले आहे याची यादी मागणे, ही कामे एकेका कळीवर होतात. दुसरा भाग दूरच्या सर्व्हरवर असला तरी चालते.

कंस मोजायचे काम माणसाने करायचे नसते. त्यासाठी पॅरएडिट आहे. एक कंस उघडला की त्याचा जोडीदार लगेच पुढे उमटतो, आणि एकटा कंस पुसू म्हटले तर पुसला जात नाही. एखादी आज्ञा शेजारच्या कंसात ओढून घ्यायची किंवा बाहेर ढकलायची असेल तर एक कळ पुरते. अक्षरांऐवजी रचना हलवण्याची सवय लागली की कंसांचा जाच संपतो, असे लिस्पवाले सांगतात आणि ते खरे आहे. दुसऱ्यांनी लिहिलेले कोडसंग्रह आणण्यासाठी झॅक बीन यांचे क्विकलिस्प आहे. ते २०१० पासून उपलब्ध आहे. संग्रहाचे नाव सांगितले की तो संग्रह आणि त्याला लागणारे बाकीचे सगळे संग्रह उतरवून चालत्या लिस्पमध्ये भरले जातात.

लिस्पच्या कुळातल्या इतर भाषांची अवजारेही तशीच संवादी आहेत. स्कीम ही सुटसुटीत शाखा १९७५ मध्ये जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी काढली. तिच्यातूनच रॅकेट आली. रॅकेटचा संपादक डॉ. रॅकेट विद्यार्थ्यांसाठीच घडवला आहे. वर कोड, खाली रेपल, आणि नवशिक्यासाठी भाषेचा मुद्दाम लहान केलेला भाग, जेणेकरून चुकांचे संदेश समजतील असे येतात. २००७ मध्ये रिच हिकी यांनी क्लोजर ही भाषा जाहीर केली. ती जावाच्या यंत्रणेवर चालते, त्यामुळे जावात लिहिलेले प्रचंड भांडार तिला आयते मिळाले आणि लिस्प पुन्हा कंपन्यांच्या कामात शिरली.

मराठी मुलखातली लिस्प

१९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा देशव्यापी प्रकल्प हाती घेतला. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि एनसीएसटी या दोन संस्था त्याच्या केंद्रांत होत्या. डिसेंबर १९८९ मध्ये याच विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. तज्ज्ञ माणसाचे नियम संगणकात उतरवण्याचे ते दिवस होते, आणि त्या कामाच्या मुख्य भाषांपैकी लिस्प एक होती. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.

शिक्षणाच्या बाजूने आयआयटी मुंबईचे नाव घ्यावे लागते. तिथे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंगच्या वेगवेगळ्या विचारपद्धती शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात स्कीम आणि नंतर रॅकेट वापरली गेली. व्यवसायात आघाडी पुण्याने घेतली. मोबाइल ॲपच्या आतच ग्राहकाला मदत पुरवणारी प्रणाली बनवणाऱ्या हेल्पशिफ्ट या कंपनीची मुळे पुण्यातली. बैशंपायन घोष हे तिच्या संस्थापकांपैकी एक. या कंपनीने आपल्या सर्व्हरवरचे काम क्लोजरमध्ये उभे केले, आणि पुण्यात क्लोजर जाणणाऱ्या अभियंत्यांची एक फळी तयार झाली. भारतातल्या क्लोजरवाल्यांची 'इन/क्लोजर' ही परिषद २०२० मध्ये पुण्यात भरली.

पण लिस्पचा मोठा वापर जिथे आहे तिथे तिचे नाव संगणकशास्त्राशी जोडलेलेच नाही. नकाशे काढणाऱ्या ऑफिसात डोकावा. तिथल्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये १९८६ पासून ऑटोलिस्प आहे. डेव्हिड बेट्झ यांच्या एक्सलिस्प या छोट्या लिस्पपासून ती घडवली गेली. लेआउटमधल्या प्लॉटवर क्लिक करताच क्षेत्रफळ मोजून ते मधोमध लिहिणारी, प्लॉटना ओळीने क्रमांक देणारी, जमिनीच्या मोजणीतले बिंदू नकाशावर टाकणारी अशा शेकडो छोट्या लिस्प फाइली ड्राफ्ट्समन मंडळी एकमेकांना पेनड्राइव्हवर देत आली आहेत. 'एरियाची लिस्प आहे का?' असे विचारणाऱ्याला जॉन मॅकार्थी ठाऊक नसतात, आणि त्यामुळे काही अडत नाही.

ऑटोकॅडच्या तळाशी जी कमांड लाइन असते तिच्यात (+ २ ३) लिहून एंटर दाबले तर ५ हे उत्तर येते. म्हणजे ऑटोकॅडवर काम करणाऱ्याच्या टेबलावर लिस्पचा रेपल रोज उघडाच असतो. ऑटोकॅड २००० पासून व्हिज्युअल लिस्प हा संपादक आणि डीबगर त्यात अंगभूत आला. आता व्हिज्युअल स्टुडिओ कोडमधूनही ऑटोलिस्प लिहिता आणि तपासता येते. ऑटोकॅडच्या स्वस्त एलटी आवृत्तीत ही सोय बरीच वर्षे नव्हती. २०२४ च्या आवृत्तीपासून तीही आली.

मराठी लिहिण्याच्या कामीही लिस्प आली आहे. ईमॅक्समध्ये देवनागरी टंकनाच्या अनेक पद्धती आहेत, त्यांत इनस्क्रिप्ट आहे आणि आयट्रान्सही आहे. आयट्रान्स ही रोमन कळफलकावरून भारतीय लिपी लिहिण्याची रीत अविनाश चोपडे यांची. या पद्धती ईमॅक्समध्ये लिस्पमध्येच लिहिलेल्या आहेत, त्यामुळे एखादी कळ गैरसोयीची वाटली तर ती स्वतः बदलून घेता येते. २०२० मध्ये आलेल्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्स अक्षरजोडणीसाठी हार्फबझ वापरतो, म्हणून जोडाक्षरे आणि वेलांट्या जागेवर बसतात. वर दिलेला कापसाच्या दराचा कोड तिथे जसा छापला आहे तसाच दिसतो.

जैनथमध्ये बसून

जैनथ हे आदिलाबाद जिल्ह्यातले मंडलाचे गाव. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ. अशा गावातल्या विद्यार्थ्याला ही पेटी आपल्या आवाक्यातली वाटावी, याला कारणे आहेत. एसबीसीएल, ईमॅक्स, स्लाइम, क्विकलिस्प, रॅकेट, क्लोजर यांपैकी कशालाही पैसे लागत नाहीत. जुना, कमी स्मृतीचा लॅपटॉप चालतो, कारण ही अवजारे ज्या काळात वाढली त्या काळचे संगणक आजच्या साध्या फोनपेक्षा दुबळे होते. २०२५ मध्ये आलेल्या तिसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्स अँड्रॉइडवरही अधिकृतपणे चालतो.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. एकदा उतरवून घेतल्यावर या अवजारांना इंटरनेट लागत नाही. ईमॅक्स स्वतःची माहितीपुस्तिका पोटात घेऊन फिरतो. कंट्रोल आणि एच दाबून मग एफ दाबले की कोणत्याही फंक्शनचे वर्णन समोर येते, आणि तिथल्या दुव्यावरून त्याचा मूळ कोडही उघडतो. कॉमन लिस्पच्या प्रमाणाचे 'हायपरस्पेक' हे रूप संगणकावर उतरवून ठेवता येते. रेंज गेली म्हणून शिकणे थांबत नाही. चालती प्रणाली समोर असते, आणि तिला विचारून बरीचशी उत्तरे मिळतात.

तोटेही स्पष्ट सांगायला हवेत. लिस्पच्या नोकऱ्या जावा किंवा पायथॉनच्या तुलनेत फारच थोड्या आहेत. मराठीत तिच्यावर वाचायला जवळपास काही नाही. ईमॅक्सच्या कळा सुरुवातीला हाताला बसत नाहीत, आणि पहिले काही दिवस शिकणाऱ्याचा वेळ भाषेपेक्षा संपादकात जातो. ज्याला लवकर गती हवी त्याने डॉ. रॅकेटपासून सुरुवात करावी. नकाशाच्या ऑफिसात काम करणाऱ्याने ऑटोलिस्पपासून करावी, कारण तिथे शिकलेले त्याच संध्याकाळी कामाला येते. शिवाय चालता प्रोग्रॅम बदलण्याची मुभा ही जबाबदारीही आहे. स्मृतीतली व्याख्या सुधारली आणि फाइलमध्ये जतन करायची राहिली, तर प्रोग्रॅम पुन्हा सुरू केल्यावर जुनी चूक परत येते. म्हणून जाणते लिस्पवाले बदल आधी फाइलमध्ये लिहितात आणि तिथूनच रेपलकडे पाठवतात.

लिस्पच्या पेटीतली बरीच अवजारे आता सगळ्यांची झाली आहेत. स्मृतीची आपोआप सफाई, रेपल, शब्ददुरुस्ती, चालू असताना कोड बदलणे, यांतले काही ना काही आज बहुतेक नव्या भाषांत दिसते. रीस्टार्टची व्यवस्था मात्र बहुतेक मोठ्या, लोकप्रिय भाषांनी अजून उचललेली नाही. म्हणून कॉमन लिस्प नव्याने शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. एक मुद्दाम चुकीची ओळ लिहावी, डीबगर उघडू द्यावा, आणि कोणताही पर्याय निवडण्याआधी पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचावी. प्रोग्रॅम कुठे उभा आहे, त्याच्या हातात काय आहे आणि पुढे जायचे मार्ग किती आहेत, हे तिथे लिहिलेले असते. ते वाचता येऊ लागले की लिस्प निम्मी आली.